चाळीसच्या चाळीस

“एवढं हिरवंगार गवत दिसलं की मला आधी विचारावंसं वाटतं, हे कुणी पेरलं आणि कशावर?” ज्ञानदेवकाका एकदा पिकनिकला असं म्हणाले, तेव्हा भावना हसली होती.

काका मूळचे पवनीचे. मिनेसोटात बावीस वर्षं त्यांनी लष्कराने सोडलेल्या माळांवर यंत्र फिरवून मातीत राहिलेले, न फुटलेले तोफगोळे शोधले. निवृत्त झाले, तरी पाऊल टाकण्याआधी जमीन न्याहाळायची खोड गेली नाही. तिथल्याच ईडन प्रेरी गावच्या मराठी बौद्ध मंडळाला तोफांच्या सरावाचं जुनं मैदान जवळजवळ फुकट मिळणार होतं. तिथे विहार होईल, मुलांचं उन्हाळी शिबिर भरेल. तिथले गोळे काढून झाल्याचा सफाईचा अहवाल अर्थातच काकांकडे वाचायला दिला.

बैठक भावनाच्या बेसमेंटमध्ये होती. ती मंडळाची सचिव. दहा वर्षं शाळांचे हॉल मागत फिरून थकलेली.

“काका, रिपोर्ट एकदम क्लीन आहे,” मंडळाचा वकील राकेश म्हणाला. “शोधणाऱ्यांची टेस्ट म्हणून चाळीस खोटे गोळे पुरले होते. चाळीसच्या चाळीस सापडले!”

“तेच खटकतं. आमचे पाच-सहा तरी सुटायचेच. मग पुन्हा सगळं मैदान पालथं घालायचो. पुरले कुणी?”

“म्हणजे?”

“शोधणाऱ्याला जागा ठाऊक नसावी लागते, बाबा. पान एकशे बारा बघ. पुरणाऱ्याची आणि शोधणाऱ्याची सही एकच.”

राकेशने पान उलटलं. सही एकच होती.

“छोटी टीम असेल, यार.”

“आपणच लपवायचं, आपणच शोधायचं, वर टाळ्याही आपणच वाजवायच्या! दुसऱ्यांकडून पुन्हा तपासून घ्या. एक उन्हाळा जाईल.”

“उन्हाळ्याबरोबर जागाही जाईल. शुक्रवारी उत्तर नाही दिलं, तर चर्चवाले टपलेच आहेत. काका, तुम्हाला जेवणाच्या ताटाखालीही बॉम्ब दिसतो!”

दोघेतिघे हसले. भावना हसली नाही. शिबिराच्या यादीत पहिलं नाव तिच्या मुलीचं होतं. पण दुसरीच एक शंका तिच्या मनात शिरली: काकांना जागाच नको आहे का? विहार झाला, नवे लोक आले, की यांचं कोण ऐकणार? शंका आली याची तिला लाज वाटली, पण ती गेली नाही.

“हात वर करा,” राकेश म्हणाला.

सात हात वर गेले. काका फक्त भावनाकडे बघत होते. तिचा हात उठला, खांद्यापर्यंतच. राकेशने तो मोजला.

काकांनी राकेशपुढचा अहवाल मिटून तिच्यापुढे सरकवला. मग टोपी घातली आणि जिना चढून ते निघून गेले.