झाकणाला कडी कशाला?

सन दोन हजार बावीस, मार्च महिना. उन्हाळा नुकताच चढू लागला होता. साल आणि महिना न सांगता हकीकत सांगणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही, म्हणून तेवढे आधी नोंदवते. वकिलाच्या कचेरीत किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपले आपण साठतात. पक्षकार निघून जातो, फाइल बांधली जाते, आणि त्याचे एखादे वाक्य मात्र खुर्चीवर बसून राहते.

मी जुनी मॅट्रिक. पनवेलच्या कोर्टाजवळ दातार वकिलांच्या कचेरीत आयुष्यभर टंकलेखन केले. आता मसुद्यांतील चुका काढायला जाते. सायंकाळी दातार तन्मय आणि रुखसाना या दोन विद्यार्थ्यांना अपकृत्यांचा कायदा शिकवतात. ढोबळ सांगायचे, तर कोणताही करार नसताना देखील दुसऱ्याशी सांभाळून वागण्याचे कर्तव्य कायदा आपल्यावर टाकतो. ते मोडून कोणाचे नुकसान केले, तर भरपाई द्यावी लागते. एवढे ध्यानात ठेवले, की पुढचे सारे समजेल.

*

पहिला किस्सा आमच्याच जिन्याचा. शेवटची पायरी तुटली होती. दातारांनी माझ्याकडून पाटी टंकून घेतली: ‘पायरी नादुरुस्त आहे. सांभाळून उतरावे.’ शिपायाने ती कचेरीच्या दारावर आतल्या बाजूने चिकटवली. दार दिवसभर उघडे असते, त्यामुळे पाटी भिंतीकडे तोंड करून राहिली.

त्याच आठवड्यात एक पक्षकार त्या पायरीवरून कोसळले. वर दातार नेमके सावधगिरीचे कर्तव्य समजावून सांगत होते!

“सर, आपण पाटी लावली होती. म्हणजे आपली जबाबदारी संपली ना?” तन्मयने विचारले.

“वा! भिंतीला वाचून दाखवायला लावली होती का पाटी?” रुखसाना म्हणाली.

दातारांनी पुस्तक मिटले आणि आयोडीन शोधायला उठले.

*

जनी आली ती त्यानंतर. उलव्याला एका इमारतीचे बांधकाम चालू होते. तिथे तिचा नवरा बाळू लिफ्टच्या उघड्या खड्ड्यात पडून मेला होता. खड्ड्याभोवती कठडा नव्हता. कंत्राटदार म्हणत होता, बाळू आमचा कामगारच नव्हे. म्हणून कामगार-भरपाईऐवजी दिवाणी दावा लावायचे ठरले.

मी खुर्ची पुढे केली. ती जमिनीवर बसली. दातारांनी नेहमीप्रमाणे विचारले, “तुमची मागणी काय?”

“त्यो खड्डा झाका, सायेब. माझी पोर तिथंच खेळते.”

दातारांनी समजावले, की तसे करता येणार नाही. उघडा खड्डा हाच मुख्य पुरावा. कोर्टाचा कमिशनर येऊन पाहीपर्यंत जागा ‘जैसे थे’ राहिली पाहिजे. अर्ज मीच तपासला. त्यात एकही चूक नव्हती. हुकूमही लगेच मिळाला.

“म्हंजी खड्डा उघडाच ठेवायचा, असा कोर्टाचा हुकूम?” जनीने विचारले.

“तात्पुरता,” दातार म्हणाले.

*

बाळू नेमका कोणाचा माणूस, यावर एक संध्याकाळ गेली. कंत्राटदार मुकादमाकडे बोट दाखवत होता, मुकादम कंत्राटदाराकडे. नोकराच्या चुकीसाठी किंवा सुरक्षेसाठी मालकाला जबाबदार धरायचे, तर आधी मालक सापडायला हवा. तन्मयने नियंत्रणाची कसोटी पाठ म्हणून दाखवली. काम कोण नेमून देतो, साधने कोण पुरवतो, देखरेख कोण करतो!

रुखसाना मात्र दुपारी उलव्याला जाऊन कामगारांशी बोलून आली होती. ती म्हणाली, “सर, सगळे एकच सांगतात. मुकादम हाक मारायचा, पण शिव्या कंत्राटदाराचा इंजिनियर घालायचा. ज्याच्या शिव्या निमूट ऐकून घ्याव्या लागतात, तोच मालक!”

“परीक्षेत असं लिहू नकोस,” दातार म्हणाले. थोडे थांबून पुढे म्हणाले, “पण विसरूही नकोस.”

*

कंत्राटदाराचे लेखी उत्तर आले. पक्षकाराला ते वाचून दाखवणे हे माझे काम. त्यात दोन मुद्दे होते. एक, खड्डा पहिल्या दिवसापासून झाकलेला होता. दुसरा, मयत इसमास धोक्याची पूर्ण जाणीव होती व त्याने तो स्वखुशीने पत्करला होता. हे दोन्ही एकाच कागदावर! झाकलेल्या खड्ड्यात माणूस स्वखुशीने कसा पडतो, हे उत्तरात लिहिलेले नव्हते.

स्वखुशीने धोका पत्करणाऱ्याला भरपाई मागता येत नाही, हे तत्त्व मी जनीला सांगितले. तिने त्यातला ‘खुशी’ एवढाच शब्द उचलला.

“खुशीत मी त्याला येकदाच बघला, बाई. फळ्या जमवून झोपडीला दार बसवला तवा. सारी सांज कडी लावी, काढी. लावी, काढी. मी म्हनलं, आरं, झिजंल ती!”

मी चष्मा पुसला आणि पुढचा परिच्छेद वाचला.

*

पावसाळा तोंडावर आला, तरी कमिशनरला तारीख मिळेना. एके सकाळी तन्मय धावत जिना चढून आला. खड्ड्याचा फोटो घ्यायला तो उलव्याला गेला होता.

“सर, खड्डा झाकलाय! त्यावर दार टाकलंय. जनीच्या झोपडीचं!”

दातारांचा आवाज मी क्वचितच चढलेला ऐकला आहे. त्या दिवशी ऐकला. बोलावून आणलेली जनी समोर बसली होती.

“अगं, तू तुझाच पुरावा झाकलास!”

“पुरावा नाय झाकला, सायेब. खड्डा झाकला. काल माझी पोर काठावर बसून पाय हालवत व्हती.”

“हुकूम मोडलास तू. दावा जाईल!”

“जाऊं दे. पोर तं हाय.”

त्या संध्याकाळी वर्ग झाला नाही.

*

अखेर कमिशनर आले. वयस्क, काटकुळे, फार न बोलणारे वकील. दोन्ही पक्ष हजर. मीही टिपणासाठी गेले होते. इंजिनियर हेल्मेट घालून पुढे झाला आणि दाराकडे हात करून म्हणाला, “पाहा सर, पहिल्या दिवसापासून हेच मजबूत झाकण आहे.”

कमिशनर वाकले. दाराला सुकलेल्या झेंडूची माळ अडकली होती. ती त्यांनी बाजूला सारली.

“झाकणाला कडी कशाला?”

इंजिनियरने हेल्मेट सरळ केले. मग म्हणाला, “सेफ्टीसाठी, सर!”

मागून जनीचा आवाज आला, “आतून लावायची हाय ती.”

कमिशनरांनी ते वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले. शुद्धलेखन मी तपासले नाही.

*

यानंतर खरी गंमत झाली, जर तिला गंमत म्हणायचे असेल तर. ज्या दारामुळे दावा जाणार होता, त्यानेच तो सावरला: आतून लावायची कडी झाकणाला नसते, म्हणजे ते झोपडीचेच दार, आणि ‘पहिल्या दिवसापासून झाकलेला’ हे खोटे. पण आता दार हाच पुरावा झाला! ते हलवायचे नाही, असा नवा हुकूम निघाला. अख्खा पावसाळा आणि त्यामागून आलेली थंडी जनीने दाराच्या जागी गोणपाट लावून काढली. रुखसानाच्या अम्मीने एक ताडपत्री पाठवली, तीही वाऱ्याने फाटली.

एकदा मी जनीला म्हणाले, “दुसरे दार का करून घेत नाहीस?”

“माझं दार कोर्टात हाय, आन् मी गोनपाटात. कोर्टाला थंडी वाजती काय, बाई?”

*

पुढच्या वर्षीच्या एप्रिलात, ऐन उन्हाळ्यात, प्रकरण लोकअदालतीत आले. कंत्राटदार तडजोडीला तयार झाला होता. रक्कम ठरली. मसुद्यात त्याच्या वकिलांनी ‘चूक कबूल न करता’ हे शब्द घातले. दातारांनी मान डोलावली. सगळे असेच करतात.

जनीचा अंगठा शाईच्या पॅडवर टेकला होता. तिने विचारले, “आता दार नेऊं?”

“न्या की, खुशाल न्या,” कंत्राटदाराचे वकील म्हणाले.

“मंग खड्ड्यावर काय टाकाल?”

त्यांनी घड्याळ पाहिले. “ते उद्या बघू हो, बाई.”

जनीने शाईचा अंगठा पदराला पुसला. पांढऱ्या लुगड्यावर निळा डाग उमटला.

“मंग आंगठा बी उद्या.”

दातार तिला समजवायला पुढे वाकले. मग काय वाटले कोण जाणे, तसेच मागे सरून बसले. म्हणाले, “माझ्या पक्षकारांचं म्हणणं आपण ऐकलंत.”

कंत्राटदार व्हरांड्यात जाऊन फोनवर ओरडत राहिला. दुपार कलल्यावर रुखसानाच्या मोबाइलवर उलव्याहून फोटो आला: दार बाजूला उभे, खड्ड्यावर लोखंडी जाळी, जाळीला बोल्ट. जनीने फोटो निरखला. पुन्हा निरखला. मग अंगठा उठवला.

त्याच संध्याकाळी आम्ही दातारांच्या गाडीने उलव्याला गेलो. दातारांनी काळा कोट काढून माझ्या हाती दिला आणि दाराचे एक टोक धरले, दुसरे जनीने. पोर पुढे धावत होती.

कडी झोपडीपर्यंत वाजत होती.