चातुर्मासाचं मौन

अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या घरी लोक बाबांच्या मौनाला नमस्कार करायला येऊ लागले, तेव्हा मला पहिल्यांदा माझ्या सख्ख्या भावाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. तो माझ्याहून मोठा, चार माणसांत मानाचा, बाबांच्याच हाताखाली तयार झालेला भिक्षुक. म्हणून हात आवरला.

बाबांनी उभा जन्म आवाजावर काढला. लग्न असो की वास्तुशांत, त्यांचे मंत्र मोर्णा नदीच्या पलीकडे ऐकू जातात असं यजमान कौतुकाने म्हणत. तो आवाज आधी जड झाला, मग बोबडा. आम्ही म्हटलं, कवळी बदलू. कवळी बदलली. मग गिळताना ठसका लागू लागला. तेव्हा कुठे मी त्यांना अमरावतीला माझ्याकडे आणलं. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, मेंदूकडून स्नायूंना हुकूम पोहोचवणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत. वाचा जवळजवळ गेलीच आहे, पुढे हात जातील. बुद्धी मात्र शेवटपर्यंत लख्ख राहील. हे शेवटचं त्यांनी धीर द्यायला सांगितलं असावं. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

अमरावतीतच एक वाचोपचार करणाऱ्या बाई भेटल्या. त्यांनी बाबांपुढे एक टॅब ठेवला. मराठीत टाइप करायचं, बटण दाबायचं, की तो वाचून दाखवतो. बाबांनी एका बोटाने स्वतःचं गोत्र टाइप केलं आणि टॅबमधून ते एका तरुण बाईच्या आवाजात ऐकू आलं. बाबा हसले. तोवर हसण्याचाही आवाज गेला होता, नुसते खांदे हलले. त्या बाई म्हणाल्या, थोडं बोलता येत असताना आला असतात तर यांचाच आवाज रेकॉर्ड करून ठेवता आला असता. आम्ही त्या दिवसांत कवळीवाल्याकडे हेलपाटे घालत होतो. पुढे हात गेले तर डोळ्यांनी अक्षरं दाखवायचा तक्ता असतो, हेही त्यांनी समजावलं, पण बजावलं ते एकच: बोट चालतंय तोवर रोज वापरा, टाळाटाळ करू नका.

आम्ही टॅब घेऊन अकोल्याला आलो, आणि आषाढी एकादशी आली. त्या दिवशी कुणीतरी विचारलं, गुरुजी बोलत का नाहीत? दादाच्या तोंडून निघून गेलं, की त्यांनी चातुर्मासाचं मौन धरलंय.

लोकांना ते इतकं पटलं की दादाची सुटका झाली आणि बाबा अडकले. मौनातला माणूस यंत्रातून तरी कसा बोलणार? टॅब पोथ्यांच्या कपाटात गेला. मी शनिवारी शाळेत शिकवून अमरावतीहून एसटीने आले की आधी दादाशी भांडायची. तो हळू आवाजात एकच सांगायचा, "भिक्षुकाची वाचा गेली म्हटलं तर लोक म्हणतीन, मंत्रात काही चुकलं. उद्या मले कोण बोलावीन? कार्तिकीले मौन सोडवू, मग वापरू दे त्याइले टॅब." आई मध्ये पडायची नाही. ती बाबांसाठी वरण पातळ करत बसायची.

कार्तिकी! माझ्या डोळ्यांसमोर बाबांची बोटं वाळत चालली होती. शेंडीची गाठ त्यांना बांधता येईना, जानवं कानावर चढवता येईना. ते माझ्याकडे बघायचे, मग कपाटाकडे बघायचे, आणि कुणी पाया पडायला आलं की डोळे मिटून घ्यायचे. येणाऱ्याला वाटायचं, काय ही साधना. मला परतीच्या एसटीत रडू कोसळायचं. शेजारची बाई बिचारी पाणी द्यायची.

पितृपक्षात अकोटचे एक जुने यजमान आपल्या वडिलांच्या श्राद्धाचं सांगायला आले. कापसाच्या जिनिंगचे मालक, घरंदाज, मनाने चांगले. बाबांच्या पायांवर डोकं ठेवून त्यांच्यापुढे बसले आणि भारावून म्हणाले, "माह्या मायचंबी असंच हाये, महाराज. लकवा झाल्यापासून बोलत नाही. आमी समजत होतो, बुढीचं डोकंच गेलं. तुमाले पाहून समजलं, तिचंबी मौनच हाये. आता आमी तिले काही विचारतच नाही."

बाबांनी डोळे उघडले. शेजारचा तांब्या त्यांनी मनगटाने पाडला. पाणी पार देवघरापर्यंत गेलं. मग मान कपाटाकडे वळवली आणि तशीच ठेवली. पोथी पाहिजे असेल, असं दादा घाईने म्हणाला. मी उठले, टॅब काढला, त्यांच्या मांडीवर ठेवला आणि मनगटाखाली हात धरला. दादा माझं नाव घेत राहिला. मी लक्ष दिलं नाही.

खूप वेळ लागला. अक्षर चुकायचं, पुसायचं, पुन्हा शोधायचं. अकोटचे यजमान चहा विसरून बघत होते. मग त्या तरुण बाईच्या आवाजात बाबा बोलले, "हे मौन नाही. रोगाने माझी वाचा गेली. तुमची आई आत अडकली आहे. तिला विचारा."

यजमान आधी आवाज कुणाचा म्हणून मागे वळले. मग त्यांनी स्क्रीन वाचली आणि तोंडावर उपरणं धरलं. मी त्यांना दारापर्यंत जाताना सांगितलं, की यंत्र नसलं तरी चालेल, कागदावर चित्रं काढा, पाणी, पंखा, संडास, देव, आणि चांगल्या हाताने दाखवायला सांगा. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते गाडीत बसून निघून गेले.

आत आले तर बाबांचं बोट पुन्हा चालत होतं. दादा भिंतीला टेकून खाली बसला होता. आता त्याची खरडपट्टी निघणार असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मी तिची वाट बघत होते.

टॅब म्हणाला, "आषाढापासून वरण अळणी आहे."

कुणीतरी सांगितलं होतं, आजारी माणसाला मीठ वाईट. आईने विचारलं नव्हतं, कारण विचारून उत्तर येणार नव्हतं. ती चुलीपाशी उभी राहून हुंदके देत रडली. मग मिठाचा डबा घेऊन आली.

काही यजमान तुटले, दादा म्हणाला होता तसंच झालं. बाबा मात्र त्यानंतर रोज बोलले, हळूहळू कमी कमी शब्दांत. बोट दिवाळीपर्यंत चाललं. कार्तिकी एकादशीला मी टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला, मनगट धरलं, आणि बराच वेळ तसंच धरून बसले.