शेजारणीचं पाठांतर

दहावीच्या विज्ञानाच्या पेपरला माझं डोकं कोरं झालं. अभ्यास झाला नव्हता असं नाही. आदल्या संध्याकाळी आईला सगळं धडाधडा म्हणून दाखवलं होतं. पण प्रश्नपत्रिका हातात आली आणि आत काहीच उरलं नाही. पेन धरून तासभर नुसती बसले. नापास झाले, जुलैत पुन्हा बसून सुटले, पण एक भीती मनात घर करून बसली. बारावीला पुन्हा असंच झालं तर?

अकरावीला बदनापूरच्या कॉलेजात मी मानसशास्त्र घेतलं ते याच कारणानं. त्या तासाभरात माझं पाठांतर गेलं कुठं होतं, हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं. घरी मात्र चेष्टाच झाली. काका रोज विचारायचे, “सांग बरं, माझ्या मनात काय चालू हाय?” मी म्हणायचे, “चहा.” ते दर वेळी बरोबर निघायचं, कारण काकांच्या मनात दुसरं काही नसायचंच.

बारावीला स्मरणाचा प्रयोग होता. झुप, फेळ, गिठ असले अर्थ नसलेले बारा शब्द एखाद्याला वाचून दाखवायचे, तो ते न चुकता म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचायचे आणि किती फेऱ्या लागल्या ते जर्नलमध्ये लिहायचं. आमच्याकडे हे खरोखर कुणी करत नसे. मागच्या वर्षीच्या मुलींचं जर्नल आणायचं, माणूस बदलायचा, बाकी सगळं तसंच उतरवायचं. मीही तेच केलं. सर जर्नलं तपासायला बसले आणि हसायलाच लागले. कुणाचा मामा, कुणाची वहिनी, कुणाचा दुकानदार. सगळेच्या सगळे अकराव्या फेरीला ‘गिठ’वर चुकले होते.

“पुन्हा करा,” सर म्हणाले, “या वेळी जिवंत माणसावर.”

माझ्या वाट्याला शेजारची मुलगी आली. चौदा वर्षांची, कुराण तोंडपाठ करत होती. तिचा सूर रोज सकाळी भिंतीपलीकडून यायचा आणि मी मनातल्या मनात चडफडायचे, कारण माझ्या वाचनात तो घुसायचा. त्यांच्या अंगणात बसून मी तिला शब्द वाचून दाखवले. चौथ्या फेरीला तिनं बाराही म्हणून टाकले. मला वाटलं, हिनं चोरून बघितले. यादी ओढणीखाली झाकली आणि पुन्हा विचारले, तर पुन्हा बारा.

“तुला काय, बिनअर्थाचं पाठ करायची सवयच हाय,” मी म्हणाले.

तिची आई, जिला मी खाला म्हणते, जवळच तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, “मतलब है बेटा. हमको नै मालूम, वो अलग बात.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोठी मानसशास्त्र शिकायला निघाले होते आणि समोरच्या माणसाचं मन दुखवून बसले होते. मी यादी उचलून निघाले. खालानंच मला बसवून घेतलं, हात धुतले, ग्रंथ उघडला आणि मुलीचा रोजचा पाठ ऐकायला घेतला.

मुलगी म्हणत गेली आणि मध्येच अडली. दहावीचा तो वर्ग, ते कोरं पान, सगळं डोळ्यांपुढे आलं. आता ही रडणार, असं मला वाटलं. खालाचं बोट ओळीवर होतं, पुढचा शब्द तिला दिसत होता, तरी ती सांगेना. मुलगी डोळे मिटून स्वस्थ बसली. घाम नाही, चुळबुळ नाही. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर आला आणि गेला. मग तिनं तोंड उघडलं आणि पुढची ओळ आली, तिच्यामागून तिच्या पुढची. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

पाठ संपल्यावर मी तिला विचारलं, “अडलीस तव्हा भ्या न्हाई वाटलं?”

“कायचं भ्या, ताई? आतच ऱ्हातंय ना ते. जल्दी केली की मंग सापडत न्हाई.”

आठवलं नाही म्हणजे गेलं, एवढंच मला तोवर माहीत होतं. तो जाडजूड ग्रंथ त्या काडीसारख्या पोरीच्या आत रोज थोडा थोडा मुक्कामाला येत होता, आणि मी भिंतीच्या अलीकडे बसून नुसती वैतागत होते. त्या दिवशी मी तिच्याकडे बघतच राहिले.

पुढचे दोन महिने माझ्या सांगण्यावरून ती माझं पुस्तक हातात धरून बसायची आणि मी पाठ म्हणायचे. अडले की ती गप्प. मी चिडायचे, “सांग की!” ती म्हणायची, “न्हाई.” एकदा तर मी पुस्तक हिसकावून घरी निघून आले. संध्याकाळी पुन्हा गेले, दुसरं करणार काय?

मानसशास्त्राच्या पेपरला प्रश्न आला, विस्मरणाची कारणे लिहा. मला एकही आठवेना. ज्याला मी दोन वर्षं भीत होते ते आलं होतं, आणि आलं तेही नेमकं याच प्रश्नाला. मी पेन बाकावर ठेवलं. डोळे मिटले. पलीकडच्या बाकावरची मुलगी पुरवणी मागत होती, कुणीतरी खोकत होतं, खिडकीबाहेर एसटीचा हॉर्न वाजला. मी काही शोधायला गेले नाही. किती वेळ गेला कोण जाणे, पण एक शब्द आला. त्याच्यापाठोपाठ ओळ आली, मग पुस्तकातलं अख्खं पान, खालच्या कोपऱ्यातल्या चहाच्या डागासकट. इतका वेळ हे सगळं माझ्याच आत होतं आणि मलाच दिसत नव्हतं. मी भराभरा लिहायला लागले. डोळ्यांतून पाणी टपकत होतं, तिकडे बघायला सवड नव्हती.

पर्यवेक्षक बाई बाकापाशी येऊन वाकल्या.

“अवघड हाय का गं पेपर?”

“न्हाई बाई.”

“मंग रडून का राह्यलीस?”

“येतंय म्हणून,” मी म्हणाले आणि पुरवणी मागितली.