गजात अडकलेलं चिंचिला
कुठं लोखंडाला नवा सिल्व्हर रंग दिलेला असला, की त्या वासानं मला लातूरमधली उन्हाळ्यातली एक दुपार आठवते. मुलीनं हैदराबादहून चिंचिलांची जोडी आणली होती. उंदराच्याच जातीची, पण कापसासारखी मऊ. ऊन सोसत नाही म्हणून त्यांना एसीच्या खोलीत ठेवलं, मी वेल्डरकडून सिल्व्हर रंगाचा हात दिलेला गजांचा पिंजरा करून आणला आणि मुलगी निर्धास्त क्लासला गेली. थोड्याच वेळात जोडीतल्या धाकट्या चिंचिलानं दोन गजांमधून डोकं बाहेर काढलं, ते अडकलंच. ते जिवाच्या आकांतानं किंचाळायला लागलं. धरायला गेलो, तर केसांचा पुंजकाच हातात आला. "वढू नका हो! मान मोडंल त्याची," बायको दारातून ओरडली. उंदीर दिसला तरी पलंगावर चढणारी ती, पण पुढं झाली, पिंजऱ्यात हात घातला आणि त्याचं अंग तळव्यावर तोलून धरलं. "मी धरून राहते, तुम्ही गज वाकवा." पकडीनं मी गज ओढत होतो, तेवढ्यात किंचाळणं थांबलं. "गेलं काय?" मी विचारलं. "न्हाई, काळीज उडतंय त्याचं. लागतंय माझ्या हाताला. थांबू नका!" गज जरासा सरकला, डोकं आत गेलं आणि ते धडपडत कोपऱ्यात पळालं. बायको तिथंच फरशीवर बसली आणि रडायला लागली. संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून चहूबाजूंनी बारीक जाळी बांधली. आजही कुणाच्या घरी पिंजरा दिसला, की मालकाशी बोलायच्या आधी मी गजांमधून बोटं घालून बघतो.