पटावरचं नाव

मोठ्या बाई पटावरून कुणाचंही नाव कमी करत नसत. मूल महिना-दोन महिने फिरकलं नाही की नाव कमी करून मोकळं व्हायचं, ही आजूबाजूच्या शाळांची रीत. बाईंच्या शाळेत नाव एकदा चढलं की चढलं. परिपाठ संपला की त्या पटांगणातच उभ्या राहून सगळ्या वर्गांची हजेरी स्वतः घेत. न आलेल्याचं नाव आलं की 'गैरहजर' म्हणायचं नाही, तो कुठे आहे ते सांगायचं, हा नियम. मुलं म्हणायची, "गावाला गेलाय, बाई." बाई म्हणायच्या, "येईल," आणि पुढचं नाव घ्यायच्या. मी शाळेत नवीन रुजू झाले तेव्हा हे ऐकून मला हसू आलं होतं.

आमची शाळा नाशिकहून दिंडोरीकडे जाताना द्राक्षबागांच्या मधोमध. बागाईतदारांची मुलं सकाळी पिवळ्या बसमध्ये बसून शहरातल्या इंग्रजी शाळेत जायची. आमच्याकडे उरायची गावातल्या मजुरांची मुलं, आणि दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याकडून बागांवर कामाला येणाऱ्या कुटुंबांची. ती बागेवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायची आणि द्राक्षं खुडून झाली की एका सकाळी नाहीशी व्हायची. बाई स्कूटीवरून बागा धुंडाळत अशी मुलं शोधून आणायच्या. एकदा एक बागवाला म्हणाला, "दोन महिन्यांसाठी कशाला लिवता त्यांची नावं, बाई? जातील ना परत." बाई म्हणाल्या, "दोन महिन्यांत तुमच्या घडात साखर भरते ना? मग पोराच्या डोक्यात दोन अक्षरं भरायला काय हरकत आहे?"

बाई मूळच्या देवळ्याकडच्या. बोलणं एरवी अगदी पुस्तकी, शुद्ध; पण राग आला किंवा जीव कासावीस झाला की तोंडातून 'आहे'च्या जागी अहिराणीतलं 'शे' निघायचं. पर्समध्ये एक फणी कायम असायची. शेडमधून तशीच उठून आलेल्या मुलीची त्या आधी वेणी घालून देत, मग पाटी हातात देत. "केस डोळ्यांवर आले तर अक्षर कसं दिसणार?" एवढंच म्हणायच्या.

मला मात्र तेव्हा टक्केवारीचं वेड लागलं होतं. माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. वाचन आणि बेरीज-वजाबाकीची तपासणी व्हायची होती, आणि तालुक्यात आपला वर्ग वर दिसावा, असं मला फार वाटत होतं. माझी गावातली मुलं तयार होती. अडचण होती ती रोशनीची. सुरगाण्याकडची, बागेवर आलेली, घरची बोली वेगळी. अक्षरं एकेक करून ओळखायची, पण ती जोडून शब्द व्हायचा नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी मी तिला आणि बागेवरच्या आणखी दोघींना जवळ बोलावलं आणि सांगितलं, "उद्या शाळेला सुट्टी आहे. येऊ नका." रोशनीनं मान डोलावली. तिला मुळीच शंका आली नाही, हे मला आजही लागतं.

दुसऱ्या दिवशी हजेरीत तिचं नाव आलं. वर्गातली एक मुलगी सरळ बोलून गेली, "मॅडमनी सांगितलं तिला, आज सुट्टी हाय म्हणून." बाईंनी हजेरीपुस्तक मिटलं. माझ्याकडे बघून विचारलं, "ती कोठे शे?" बाईंनी स्कूटी काढली आणि अर्ध्या तासात तिघींना घेऊन आल्या. मागोमाग रोशनीची आई धावत आली. "आमाला वाटलं शाळा नाय आज," ती बिचारी पुन्हा पुन्हा सांगत होती, जणू चूक तिचीच. बाईंनी तिघींच्या वेण्या घातल्या आणि त्यांना तपासणीला बसवलं. रोशनी चाचरत वाचत राहिली आणि जिथे अडली तिथे थांबली.

व्हायचं तेच झालं. केंद्रातल्या शाळांच्या बैठकीत आमच्या शाळेचं नाव सगळ्यात खाली. शिक्षणखात्याच्या साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "बाई, निवृत्तीला आलात आणि शाळा ही अशी?" बाई उभ्या राहिल्या. "पटावर आहे ते प्रत्येक मूल माझं आहे, साहेब. वाचणारं आणि न वाचणारंही. वाचणारीच तेवढी दाखवायची असतील, तर शाळा कशाला हवी?" माझं नाव त्यांनी कुठेच घेतलं नाही. मी त्यांच्या शेजारी मान खाली घालून बसले होते.

त्या मला रागावल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी हजेरीपुस्तक माझ्या हातात देत एवढंच म्हणाल्या, "मॅडम, उद्यापासून नावं तुम्ही घ्या." रोज सकाळी मी रोशनीचं नाव घ्यायचे आणि ती हसून म्हणायची, "हजर, मॅडम." यापेक्षा बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

होळीआधी रोशनीचं कुटुंब गेलं. पुढच्या हंगामात आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दरम्यान बाई निवृत्त झाल्या आणि शाळेचा कारभार माझ्याकडे आला. वर्षभर मी नाव ठेवलं. मग पट तपासायला आलेले लोक हटून बसले, आणि एका दुपारी मी ते कमी केलं. सही करायला काही वेळ लागत नाही.

त्याच पावसाळ्यात बाई खूप आजारी असल्याचं कळलं. मी भेटायला गेले. त्या खूप बारीक झाल्या होत्या, केस मोकळे उशीवर पसरलेले. मी माझ्या पर्समधून फणी काढून त्यांची वेणी घातली. वेणी झाल्यावर त्यांनी विचारलं, "रोशनी आली का?"

"नाही, बाई."

"नाव शे ना?"

"शे, बाई," मी म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. एकाच मुलीवरून मी दुसऱ्यांदा खोटं बोलले होते. पंधरा दिवसांनी बाई गेल्या.

पण त्या भेटीच्या दुसऱ्याच दिवशी मी हजेरीपुस्तकाच्या शेवटी शिसपेन्सिलीनं एक नाव लिहिलं. ते कुठल्याही तपासणीत चालणार नाही, हे मला ठाऊक आहे. परिपाठ संपल्यावर मी ते रोज घेते. तिला कधीही न पाहिलेली मुलं सांगतात, "गावाला गेलीय, मॅडम."

"येईल," मी म्हणते आणि पुस्तक मिटते.