मान खाली घालून दिलेलं माप

आमच्या घरातलं गेम खेळायचं कॅबिनेट माझ्या कमरेलाही पोचत नाही, आणि याला सुतार नाही, माझी मान जबाबदार आहे.

जव्हारला आमच्या दोन खोल्या. त्यात मी, आई, बाबा, फ्रिज, शिलाई मशीन आणि बाबांनी 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेल्या वस्तू असे सगळे गुण्यागोविंदाने राहतो. फ्रिज आणि शिलाई मशीनच्या मध्ये पावणेदोन फुटांचा एक कोपरा रिकामा होता. आईने तो घरघंटीसाठी राखून ठेवला होता. नाचणी घरीच दळायची, हे तिचं तीन वर्षांपासूनचं स्वप्न!

आणि मला तिथे हवं होतं आर्केड कॅबिनेट. उभं राहून खेळायचं, खटखट बटणं, लाल गोळ्याचा दांडा, सगळं खरंखुरं. मी व्हिडिओ बघून बघून सगळं पाठ केलं होतं. (व्हिडिओतल्या माणसांकडे गॅरेज होतं. आमच्याकडे स्कूटरसुद्धा जिन्याखाली तिरकी उभी राहते.) बटणांचं पार्सल आलं त्या दिवशी मी ती नुसती हातात घेऊन दीड तास दाबत बसले होते. खट्. खट्. खट्.

"कसला आवाज येतोय?" बाबांनी विचारलं.

"पाल असेल," आई म्हणाली.

शेवटी मी धीर करून कोपऱ्याचा विषय काढला. म्हणजे चिठ्ठी लिहून फ्रिजवर लावली. आईने ती वाचली आणि शिक्षिकेच्या आवाजात (ती जामसरच्या शाळेत शिकवते) निकाल दिला. "रविवारी वन्सं येणार आहेत. तोपर्यंत उभं करून दाखव. खुर्ची लागली, जाण्यायेण्याची वाट अडली किंवा पाहुण्यांना त्रास झाला, तर सोमवारी मी घरघंटी सांगणार."

वन्सं म्हणजे माझी आत्या. सूर्यमाळची. हातात पाच दिवस होते!

बाबांनी ओळखीचा सुतार गाठला. सोमाकाका मोखाड्याकडचे. एरवी दारं-खिडक्या, पण त्यांचं खरं नाव बोहाड्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या सोंगांच्या जत्रेच्या, मुखवट्यांसाठी. दशावतारी देवांपासून राक्षसांपर्यंत सगळ्यांची तोंडं त्यांच्या हातची. मी रात्रंदिवस खपून मिलिमीटरमध्ये नकाशा काढला होता. बाजूने वेगळा, वरून वेगळा, सगळी नावं इंग्रजीत, बाणांसकट. सोमाकाकांनी तो दोन्ही हातांनी घेतला, उलटा धरून नीट बघितला, "बेस हाय," म्हणाले आणि त्यावर खिळे ठेवले.

"आता उभी रा," ते म्हणाले.

"मी?"

"मंग कोन? मुखवटा ज्याचे डोक्यावर चढायचा, त्याचेच अंगाचं माप घ्यायचं. कागदाला काय डोकं हाय?"

त्यांनी खिशातून सुतळी काढली. आता, अनोळखी माणूस समोर, बाबा बाजूला, शेजारच्या काकू दारात, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. अशा वेळी माझं जे होतं तेच झालं. खांदे आत गेले, मान खाली गेली, आणि दोन्ही हात ओढणीचं टोक धरून गुडघ्यांच्या दिशेने निघाले.

"खेळताना हात कुठं?" सोमाकाकांनी विचारलं.

हात जिथे होते तिथे त्यांनी गाठ मारली.

"नजर कुठं?"

नजर त्यांच्या चपलेवर होती. त्यांनी माझ्या डोळ्यांपासून सुतळी सरळ चपलेपर्यंत ताणली, "जिथं नजर, तिथं पडदा," म्हणाले आणि दुसरी गाठ मारली.

मला सगळं कळत होतं. 'काका, मी अशी नाही खेळणार' एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. ते मी मनात मराठीत, इंग्रजीत आणि एकदा हिंदीतसुद्धा तयार केलं. तोवर सोमाकाका चहा पिऊन गेले.

शनिवारी कॅबिनेट आलं. बाबांनी माळ्यावरचा पांढरा सनमायका दिला होता (कधीतरी लागेल म्हणून ठेवलेला! बाबांचा चेहरा असा फुलला होता की जणू माळ्याला पुरस्कार मिळालाय). काम इतकं सफाईचं की हात फिरवत राहावं. कोपऱ्यात सरकवलं, तर दोन्ही बाजूंना बोटभर फट. मापात मापच!

फक्त बटणं माझ्या मांडीजवळ होती आणि पडदा जमिनीकडे बघत होता.

"नमस्कार करतंय का ते?" बाबा म्हणाले.

पण मला दम कुठला! मी छोटा कॉम्प्युटर बसवला, वायरी जोडल्या, बटण दाबलं, आणि पडद्यावर माझं विमान उगवलं! मी अशी किंचाळले की शेजारच्या काकू साप निघाला समजून काठी घेऊन आल्या. मी वाकून खेळले, ओणवी होऊन खेळले, शेवटी फतकल मारून खेळले. माझा विक्रम झाला दोन हजार तीनशे. वरच्या बाजूला स्पीकरसाठी एक गोल भोक होतं, पण स्पीकर अजून यायचा होता. म्हटलं, राहू दे उघडं. त्याने काय होतंय?

रविवारी सकाळी आत्या आली. डोक्यावर पिशवी, पिशवीत नाचणी. घरात पाऊल टाकताच तिला कोपऱ्यात दिसलं पांढरं, चौकोनी, बुटकं, वर भोक असलेलं.

"वहिनी! आणलीस ना शेवटी घरघंटी!"

आई स्वयंपाकघरात होती. बाबा आंघोळीला. खोलीत एकटी मी, खेळ चालू करून बसलेली.

"आत्या," मी म्हणाले.

"कवढी छान हाय गं! पडदा पण हाय हिला!"

"आत्या, ती..."

"आता समद्यालाच पडदा असतो. बँकेत पन हाय." आणि तिने पिशवी उचलली.

माझ्या तोंडून 'घरघंटी नाही' हे दोन शब्द बाहेर पडले तेव्हा अर्धी पायली नाचणी आत गेली होती.

सर्रर्र! नाचणी म्हणजे काय दाणा असतो? मोहरीचा धाकटा भाऊ. ती बटणांच्या फटींतून बाहेर आली, खालून बाहेर आली, फ्रिजखाली गेली. आत्याने दळण सुरू करायला मोठं लाल बटण दाबलं. ते खाली गेलं आणि दाणे अडकून खालीच राहिलं. पडद्यावर माझं विमान जे गोळ्या झाडत सुटलं, ते थांबेचना!

"वहिनी, धाव! पीठ नाय येत, आग येते!"

आई उलथनं घेऊन धावत आली. बाबा टॉवेलवर आले आणि नाचणीवरून थेट शिलाई मशीनपर्यंत घसरले. आईने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत मला सोमवार स्पष्ट दिसला. वाट अडली होती. पाहुण्यांना त्रास झाला होता. घरघंटी पक्की!

"आत्या, दांडा धरा!" कोणीतरी ओरडलं. "डावीकडे! डावीकडे घ्या ना!"

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. ती मी होते. मला स्वतःलाच माझा एवढा मोठा आवाज ओळखू आला नाही.

आत्या मटकन खाली बसली. खाली बसलेल्या माणसाच्या बरोबर हाताशी बटणं आणि बरोबर डोळ्यांसमोर पडदा! तिने पदर खोचला आणि लाल गोळा धरला. गोळ्या आपोआप सुटतच होत्या, तिने फक्त विमान फिरवलं. "हा मेला! हा पन मेला! वहिनी, हा बघ कसा पळतो, पिकातल्या डुकरावानी!"

"वन्सं, उजवीकडे, उजवीकडे!" आई उलथनं नाचवत म्हणाली.

अकरा हजार चारशे! माझ्या चौपटीहून जास्त! आणि मग आई "सरका जरा" म्हणून तिच्या शेजारी मांडी घालून बसली. पोळी करपली. कोणी उठलं नाही.

संध्याकाळी आईने निकाल दिला. "खुर्ची लागत नाही. राहू दे." नाचणी पूर्वीसारखी बाबांच्या स्कूटरवरून गिरणीत जाते. बाबा त्याबद्दल काही बोलत नाहीत, फक्त पिशवी जरा जोरात ठेवतात. (लाल बटणाखालचे दाणे आई अजून काढू देत नाही. तिचा विक्रम त्यांच्यावर अवलंबून आहे.)

जाताना आत्याने फर्मान सोडलं की असंच एक सूर्यमाळला पाहिजे, आणि माप मीच द्यायचं. मी ठरवलंच होतं, या वेळी लाजायचं नाही. सोमाकाकांनी सुतळी काढली तशी मी छाती पुढे काढली, मान ताठ केली, हात चांगले वर उचलले आणि नजर सरळ कौलांवर ठेवली. त्यांनी हात होते तिथे गाठ मारली. मग नजर होती तिथे दुसरी.

गेल्या आठवड्यात आत्याचा फोन आला.

"गेम झ्याक हाय बाय. पन खेळायला शिडी लागते."

मी फोनवरसुद्धा मान खाली घातली.