मी पाहिलं, मी सांगितलं

आमचा शनिवारचा वाचनवर्ग इथे विलायतेत, चर्चच्या हॉलमध्ये भरायचा. शेजारच्या निवृत्त प्राध्यापिकाबाई, जमैकन आईबापांची लेक, तो चालवायच्या. ब्लॅक विचारवंतांचं एखादं पान मोठ्याने वाचायचं आणि मग त्यातलं आपण स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलंय ते सांगायचं, हा त्यांचा नियम. नुसतं "छान लिहिलंय" म्हटलं की बाई तडकायच्या. मी नागपूरच्या वस्तीतली. विहारात माझे वडीलही आमच्याकडून असंच वाचून घ्यायचे, त्यामुळे मला तिथे परकं वाटलंच नाही.

एकदा वर्ग सुटल्यावर वर्गातला एक ब्लॅक नर्स आणि मी स्टेशनकडे चाललो होतो. दोघांच्याही पाठीवर सॅक. पोलिसांनी अडवलं फक्त त्याला. गांजाचा वास येतो म्हणे! त्याने शांतपणे कारण विचारलं, तर हात पिरगाळून गाडीत कोंबलं. आणि केस काय, तर यानेच पोलिसाला ढकललं. बाप्पा! शिक्षा झाली असती तर त्याची नोकरी गेलीच असती.

मी साक्ष देणार म्हटल्यावर नवरा हादरला. "अगं, आपलं सेटलमेंट होऊ दे आधी, इथे कायम राहायची परवानगी मिळू दे. नस्ती उठाठेव कशाला?"

"मी काय चोरी केलीय? पाहिलं ते सांगणार."

मराठी मंडळातल्या मैत्रिणींचंही तेच, आपण बरं नि आपलं काम बरं. भीती मलाही होती. पण त्यांच्या त्या शहाणपणाचा असा संताप आला की सांगता सोय नाही.

कोर्टात सरकारी वकिलाने गोड आवाजात विचारलं, "पोलिसांवर संशय घ्यायला तुम्हाला त्या वर्गात शिकवतात का?"

"नाही. पोलिसांना भ्यायला मी नागपुरातच शिकले. ते वस्तीत आले की सगळे दारं लावून घ्यायचे, आणि मग कोणीच काही पाहिलेलं नसायचं. वर्गात मी पाहिलेलं सांगायला शिकले. याने कोणाला हातही लावला नाही. मी शेजारीच उभी होते."

तो निर्दोष सुटला. बाहेर त्याची वकीलबाई खुशीत मला म्हणाली, "तुमच्यासारखी सॉफ्टवेअरवाली, नीटनेटकी साक्षीदार मिळाली, म्हणून ऐकलं कोर्टाने."

"मी कोणाला हात लावला नाही, हे मीही पहिल्या दिवसापासून सांगत होतो," तो म्हणाला. दारातल्या पोलिसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.